समर्थ रामदास आजन्म ब्रह्मचारी, मग ‘समर्थवंशज’ कोण? जांबच्या ठोसर घराण्याची वंशावळ काय सांगते?

सज्जनगडावर दरवर्षी माघ वद्य नवमीला दासनवमीचा उत्सव होतो. त्याच्या बातम्यांमध्ये ‘समर्थवंशज’ आणि ‘अधिकारी स्वामी’ हे शब्द हमखास येतात. मग अनेकांना प्रश्न पडतो. समर्थ रामदास तर बोहल्यावरून पळाले, आयुष्यभर अविवाहित राहिले. त्यांना मूलबाळ नव्हते. तर मग हे वंशज कोणाचे?

उत्तर जालना जिल्ह्यातल्या एका गावात आहे आणि ते एका वाक्यात देता येते. हे वंशज समर्थांच्या थोरल्या भावाचे. पण ते आपल्याला कसे कळले, कोणत्या कागदांवरून कळले आणि ते कागद कोणी, कशासाठी जपले, हा भाग जास्त रंजक आहे. जालना जिल्ह्यात २०२३ पासून ‘वंशावळ’ हा शब्द घरोघरी पोहोचला आहे. त्यामुळे जिल्ह्यातल्या सर्वांत प्रसिद्ध माणसाची वंशावळ कशी तयार झाली, हे पाहण्यासारखे आहे.

जांब समर्थ नेमके कुठे?

जांब हे घनसावंगी तालुक्यातले गाव. आता ते ‘जांब समर्थ’ म्हणूनच ओळखले जाते. ऑगस्ट २०२२ मध्ये इथल्या राम मंदिरातल्या जुन्या मूर्ती चोरीला गेल्या तेव्हा गावाचे नाव राज्यभर गाजले होते. पुढे पोलिसांनी मूर्ती परत मिळवल्या. समर्थांच्या घराण्यात पूजल्या जाणाऱ्या त्या मूर्ती, अशी गावाची श्रद्धा आहे.

जुनी पुस्तके वाचताना इथे एक गोंधळ होतो. त्यांत जांबचा जिल्हा औरंगाबाद लिहिलेला असतो. ते चूक नाही. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. त्याआधी हा भाग औरंगाबाद जिल्ह्यात होता, त्याआधी हैदराबाद संस्थानात, आणि समर्थांच्या जन्माच्या वेळी अहमदनगरच्या निजामशाहीच्या मुलखात. गाव जागचे हलले नाही, वरचे राज्य तेवढे बदलत गेले. कोणत्याही घराण्याच्या नोंदी शोधताना हीच पहिली अडचण असते. कागद गावात मिळत नाहीत, ते त्या त्या काळच्या राजधानीत गेलेले असतात.

या गावात शके १५३० मध्ये, चैत्र शुद्ध नवमीला म्हणजे रामनवमीला नारायण सूर्याजीपंत ठोसर यांचा जन्म झाला. इंग्रजी वर्ष १६०८. आईचे नाव राणूबाई. थोरला भाऊ गंगाधर तीन वर्षांनी मोठा. घराणे देशस्थ ऋग्वेदी ब्राह्मण, गोत्र जमदग्नी. आडनाव ठोसर, पण गावाचे कुलकर्णीपण घरात असल्याने व्यवहारात ते कुलकर्णीही होते.

हे कुलकर्णीपण लक्षात ठेवायला हवे. कुलकर्णी म्हणजे गावाचा दप्तर सांभाळणारा वतनदार. कोणाची जमीन किती, सारा किती, बाकी कोणाकडे, हे सारे लिहिण्याचे काम त्याचे. वतन वडिलांकडून मुलाकडे जायचे, त्यामुळे आपण कोणाचे कोण हे सिद्ध करण्याची गरज या घरांना वारंवार पडायची. भाऊबंदकीचा वाद निघाला की वंशावळ पुढे यायची. ज्या घरात वतन नव्हते त्या घराच्या पिढ्या लिहून ठेवण्याचे कारणच कोणाला नव्हते. जुन्या महाराष्ट्रात कुणाची वंशावळ मिळते आणि कुणाची मिळत नाही, याचे बरेचसे उत्तर इथे आहे.

मूळ पुरुष किती मागे?

रामदासी परंपरेत ठोसर घराण्याचा मूळ पुरुष म्हणून कृष्णाजीपंत ठोसर यांचे नाव दिले जाते. ते बेदर प्रांतातून गोदावरीकाठी आले, असे सांगितले जाते. काळ दिला जातो तो दहाव्या शतकाचा. म्हणजे समर्थांच्या जन्माआधी सहाशेहून जास्त वर्षे.

इथे जरा थांबायला हवे. एका पिढीला सरासरी २५ ते ३० वर्षे धरली, तर सहाशे वर्षांत २० ते २५ पिढ्या होतात. हिशेब बसतो. पण हिशेब बसणे आणि पुरावा असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. दहाव्या शतकात देवगिरीचे यादव अजून स्वतंत्र राजेही झाले नव्हते. अलिबागजवळच्या अक्षीचा प्रसिद्ध मराठी शिलालेख शके ९३४ चा, म्हणजे १०१२ चा. त्या काळातल्या एका घराची सलग नावे कागदावर टिकणे जवळपास अशक्य. अशा लांबलचक याद्या बहुधा पुढच्या काळात स्मरणावरून आणि वतनाच्या गरजेतून जुळवल्या जातात. त्यातली शेवटची चार-पाच नावे पक्की असतात, वरची धूसर होत जातात. ठोसरांच्या वंशावळीलाही हाच नियम लावावा. सूर्याजीपंत, त्यांचे दोन मुलगे आणि तिथून खाली आलेली पिढी, इथपर्यंत पाय जमिनीवर आहेत.

बोहल्यावरून निघालेला मुलगा वंशावळीत कुठे बसतो?

नारायण सात वर्षांचा असताना सूर्याजीपंत वारले. घराची जबाबदारी राणूबाई आणि गंगाधर यांच्यावर आली. बाराव्या वर्षी नारायणाचे लग्न ठरले. १६२० ची गोष्ट. परंपरेनुसार लग्न आसनगावला होते. मंगलाष्टकांतला सावधान शब्द कानावर पडताच मुलगा मंडपातून निघून गेला, ही कथा मराठी घरांत लहानपणीच ऐकायला मिळते.

त्या मंडपात आणखी एक मूल होते, ती नवरी. समर्थांच्या चरित्रांमध्ये तिच्याबद्दल एखाद्या ओळीपलीकडे सहसा काही नसते. वंशावळीत तर ती येणेच शक्य नव्हते, कारण लग्नच लागले नाही. मुळात वंशावळी पुरुषांच्या नावांनी पुढे सरकतात. राणूबाईंचे नाव आपल्याला ठाऊक आहे ते मुलगा प्रसिद्ध झाला म्हणून. ठोसरांच्या वरच्या पिढ्यांतल्या किती आयांची नावे सांगता येतील?

नारायण नाशिकला पोहोचला. पंचवटी आणि टाकळी इथे बारा वर्षे त्याने तप केले. टाकळीलाच उद्धव हा त्याचा पहिला शिष्य मिळाला. ‘नारायण’ मागे पडून ‘रामदास’ हे नाव याच काळात रूढ झाले. पुढची बारा वर्षे, १६३२ ते १६४४, देशभर तीर्थाटन. निघण्याच्या आधीच १६३० चा भीषण दुष्काळ दख्खनमधून गेला होता. रामदासांच्या लेखनात लोकांच्या हालअपेष्टांची जी वर्णने येतात, त्यांचा संबंध अभ्यासक या काळाशी लावतात.

तीर्थाटन संपवून ते जांबला आले तेव्हा घर सोडून २४ वर्षे झाली होती. आईची दृष्टी गेली होती. मुलाने हात फिरवताच तिला दिसू लागले, असे परंपरा सांगते. चमत्कार बाजूला ठेवला तरी प्रसंग पुरेसा बोलका आहे. बारा वर्षांचा गेलेला मुलगा छत्तिसाव्या वर्षी दाढी-जटांसह दारात उभा राहिला तर डोळस आईलाही तो ओळखता आला असता का?

घर ज्याने चालवले तो भाऊ

समर्थांच्या कथेत गंगाधरपंत नेहमी बाजूला राहतात. वंशावळीच्या दृष्टीने मात्र खरे मुख्य पात्र तेच. रामदासी संप्रदायात त्यांना ‘श्रेष्ठ’ म्हणतात. ‘रामी रामदास’ या नावाने त्यांनी लेखनही केले. ‘भक्तिरहस्य’ आणि ‘सुलभोपाय’ हे त्यांचे ग्रंथ. ते जांबलाच राहिले. लग्न केले, पत्नीचे नाव पार्वतीबाई. मुलगे दोन, रामचंद्र आणि श्यामजी. वतन सांभाळले, आईला सांभाळले, घरची उपासना चालू ठेवली.

या नावावरून आजही फसगत होते. ‘रामदास’ आणि ‘रामी रामदास’ ही दोन भावांची नावे हस्तलिखितांत शेजारी शेजारी येतात. शिवाय रामदास नावाचे इतरही कवी मराठीत होऊन गेले. त्यामुळे एखादे पद कोणाचे, हे ठरवायला अभ्यासकांना बरीच मेहनत करावी लागली.

धाकटा भाऊ १६४४ नंतर कृष्णाकाठी गेला आणि पुढचे जवळपास सगळे आयुष्य तिकडेच गेले. मसूरचा रामजन्मोत्सव, चाफळचे राम मंदिर, अकरा मारुती, शिवथरघळ, ‘दासबोध’, ‘मनाचे श्लोक’, शेवटी १६७६ पासून परळीचा किल्ला म्हणजे सज्जनगड. हा भाग शाळेच्या पुस्तकापासून सर्वांना परिचित आहे. ‘दासबोधा’तली एक नोंद मात्र सांगायला हवी. सहाव्या दशकात ग्रंथकर्त्याने कलियुगाची ४७६० वर्षे झाल्याचे लिहिले आहे. कलियुगाची सुरुवात इसवी सनापूर्वी ३१०२ मध्ये धरतात. वजाबाकी केली की साधारण १६५९ येते. समर्थांनी स्वतःच्या हाताने दिलेली ही तारीख. बाकीच्या बहुतेक तारखा इतरांनी नोंदवलेल्या आहेत.

छत्रपती शिवाजी महाराज आणि समर्थ यांची पहिली भेट केव्हा झाली, हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे. १६४९ मानणारा एक पक्ष, १६७२ मानणारा दुसरा. दोन्ही बाजू जुन्या पत्रांवरच उभ्या आहेत आणि मतभेद आहेत ते त्या पत्रांचा अर्थ आणि अस्सलपणा यांवर. त्या वादात शिरण्याची इथे गरज नाही. पण एका माणसाच्या आयुष्यातली एक तारीख हलली की पुढचे किती काही हलते, याचे यापेक्षा मोठे उदाहरण मराठीत नाही.

निधन १६८१ चे की १६८२ चे?

इंटरनेटवर दोन्ही वर्षे सापडतात. श्रेष्ठांचे निधन १६७७ चे. त्यानंतर काही वर्षांनी, शके १६०३ मध्ये, माघ वद्य नवमीला समर्थांनी सज्जनगडावर देह ठेवला. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, असे शाळेत शिकवतात. तसे केले की १६८१ येते. पण शकाचे वर्ष चैत्रात सुरू होते आणि माघ हा त्याचा अकरावा महिना. तोवर इंग्रजी वर्ष बदललेले असते. म्हणून पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतच्या तिथींना ७९ मिळवावे लागतात. उत्तर १६८२, महिना जानेवारी. जन्म चैत्रातला असल्याने तिथे ७८ चाच आकडा बरोबर बसतो.

घरच्या जुन्या कागदांवर शकातली तारीख असेल तर हे सूत्र उपयोगी पडेल. मराठवाड्यात त्यात आणखी एक भर असते. निजाम राजवटीतल्या अनेक कागदांवर फसली सन असतो. त्यात साधारण ५९० मिळवले की इसवी सन मिळतो.

वारस कोण, शिष्य की पुतणे?

समर्थांच्या मागे चाफळ आणि सज्जनगडाचा कारभार कोणी पाहायचा, यावर शिष्यांमध्ये वाद झाला. उद्धव गोसावी एका बाजूला, दिवाकर गोसावी दुसऱ्या बाजूला. छत्रपती संभाजी महाराजांना त्यात लक्ष घालावे लागले. त्यांचा कल दिवाकर गोसावी यांच्या बाजूचा होता. समर्थांनीच त्यांना कारभार सांगितला होता, हे त्याचे कारण.

वादाच्या मुळाशी एक साधा प्रश्न होता. संन्याशाचा वारस कोण? गुरुपरंपरेत वारस म्हणजे शिष्य. मठ, पोथ्या, उपासना त्याच्याकडे जातात. समर्थांचे बहुतेक मठ असेच चालले. कल्याणस्वामींचा डोमगावला, उद्धवस्वामींचा टाकळीला. पण चाफळ-सज्जनगडाला राजाकडून मिळालेली इनामे होती, गावे होती, उत्पन्न होते. इनामाच्या व्यवहाराला रक्ताचा वारस जास्त सोयीचा पडायचा.

मधला काळ कठीण गेला. १७०० मध्ये औरंगजेबाच्या फौजांनी परळीचा किल्ला घेतला. त्या धामधुमीत गडावरच्या मूर्ती सुरक्षित हलवल्या त्या अक्कास्वामींनी. बालविधवा असलेल्या या शिष्येने समर्थांच्या पश्चात चार दशके संस्थानाची घडी सांभाळली. वंशावळीत त्यांना जागा नाही, कारण त्या घराण्यातल्या नव्हेत. त्यांच्याशिवाय पुढच्या वारसांना सांभाळायला काही उरले असते का, हा प्रश्न मात्र रास्त आहे.

शाहू महाराजांच्या काळात जांबहून श्रेष्ठांचे नातू गंगाधर यांना बोलावून संस्थान त्यांच्याकडे सोपवण्यात आले. आजोबा गंगाधर, नातूही गंगाधर. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची ही पद्धत वंशावळ शोधणाऱ्याला हमखास चकवते. एकाच घरातले दोन गंगाधर एकच समजले की मधली पिढी गायब होते. या गंगाधरस्वामींपासून सज्जनगडाची ‘अधिकारी स्वामी’ ही वंशपरंपरा सुरू झाली. ‘समर्थवंशज’ म्हणजे हे घराणे.

हे सगळे लिहून कोणी ठेवले?

आधी शिष्यांनी. बीडचे गिरिधरस्वामी हे समर्थांना लहानपणी पाहिलेले कवी. त्यांचा ‘समर्थप्रताप’ हा जवळच्या माणसाने लिहिलेला म्हणून महत्त्वाचा. अंताजी गोपाळ वाकेनीस यांच्या नावाने ओळखले जाणारे ‘वाकेनिशी टिपण’ हे समर्थचरित्रातल्या घटनांचे जुने टाचण आहे. चरित्रातल्या अनेक तारखा तिथून येतात. मग १८ व्या शतकाच्या अखेरीस हनुमंतस्वामींची बखर आली, जिची पुढे वाढवलेली प्रत १८१७ ची. आज माहीत असलेल्या बऱ्याच समर्थकथा तिच्यातूनच पसरल्या.

हनुमंतस्वामी हे स्वतः संस्थानाच्या गादीवरचे, म्हणजे त्याच घराण्यातले. घराण्याचा इतिहास घराण्यातल्या माणसाने लिहिला, तोही घटनांनंतर शंभर-सव्वाशे वर्षांनी. त्यामुळे बखर टाकून देता येत नाही आणि जशीच्या तशी घेताही येत नाही. घरातली नाती ती सहसा नीट सांगते. घराण्याचा मोठेपणा सांगताना मात्र तिचा हात सढळ होतो.

ब्रिटिश आल्यावर आणखी एक कारण तयार झाले. इनाम कमिशनने, विशेषतः १८५२ च्या कायद्यानंतर, इनामदारांकडे पुरावे मागितले. सनद दाखवा, मूळ इनामदारापासून तुमच्यापर्यंतची वंशावळ दाखवा. नाही दाखवली तर इनाम जप्त होण्याची भीती. पेटाऱ्यांतले कागद बाहेर निघाले, नकला झाल्या आणि दप्तरात जमा झाल्या. मराठी घराण्यांच्या कितीतरी वंशावळी या भीतीमुळे आज अभ्यासकांना मिळतात.

शेवटचा मोठा टप्पा धुळ्याचा. शंकर श्रीकृष्ण देव (१८७१ ते १९५८) हे तिथले वकील. त्यांनी १८९३ मध्ये सत्कार्योत्तेजक सभा स्थापन केली आणि उरलेले आयुष्य रामदासी मठ पालथे घालण्यात घालवले. पोथ्या, पत्रे, बाडे गोळा केली आणि ‘श्रीरामदास आणि रामदासी’ या मालेतून छापली. डोमगावच्या मठातली, कल्याणस्वामींच्या हातची ‘दासबोधा’ची प्रत त्यांनी १९०५ मध्ये प्रसिद्ध केली. धुळ्याचे समर्थ वाग्देवता मंदिर हा याच संग्रहाचा ठेवा. जांबचा मुलगा, कागद साताऱ्याकडे, संग्रह धुळ्यात.

जालन्यातल्या वाचकाने यातून काय घ्यायचे?

सप्टेंबर २०२३ मध्ये अंतरवाली सराटीच्या आंदोलनानंतर राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि मराठवाड्यात जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. तेव्हा हजारो घरांना एकच अडचण आली. नोंद सापडली तरी त्या नावापासून आपल्यापर्यंतची साखळी जोडायची कशी? ठोसर घराण्याचे उदाहरण इथे कामाला येते.

आडनावावर विसंबू नये. एकाच घराण्याला ठोसर, कुलकर्णी, गोसावी, स्वामी अशी चार नावे लागली. काम बदलले, गाव बदलले की आडनाव बदलायचे. शोध गावाच्या नावाने करावा, मग वडिलांचे नाव, मग आडनाव.

दुसरे, हक्क कुठे होता ते आधी पाहावे. जमीन असेल तर तहसील कार्यालयातले खासरा पत्रक आणि पाहणी पत्रक, वतन किंवा इनाम असेल तर जिल्ह्याचे अभिलेख, शाळेत गेलेले पणजोबा असतील तर शाळेचे प्रवेश रजिस्टर. १७ सप्टेंबर १९४८ पूर्वीचे बरेच कागद उर्दू, फारसी किंवा मोडीत असतात आणि त्यातले काही हैदराबादच्या अभिलेखागारात आहेत.

हक्काचा कागद नसेल तर उरतात तीर्थोपाध्यायांच्या वह्या. नाशिक, त्र्यंबकेश्वरला दशक्रिया किंवा सिंहस्थासाठी गेलेल्या यजमानाचे नाव, त्याचे वडील, आजोबा, भाऊ, गाव असे सारे क्षेत्रोपाध्यायांनी पिढ्यान्‌पिढ्या लिहून ठेवले आहे. ज्यांना ना वतन होते ना इनाम, अशाही घरांची नावे तिथे मिळतात. गावानुसार उपाध्याय ठरलेले असतात, त्यामुळे जाताना आडनावाबरोबर मूळ गावाचे नाव आणि जुना तालुका सांगावा लागतो. घनसावंगीकडच्या लोकांनी ‘अंबड’ सांगून पाहावे, कारण घनसावंगी तालुका अलीकडचा आहे. जुन्या वहीत तो सापडणार नाही.